दादाचा सिनेमा

४ जानेवारी

टाइल्सवाला नाही म्हणाला. म्हणजे "बघू, कळवतो" म्हणाला. तीन वर्षं दादाच्या सिनेमाच्या पैशांसाठी दारोदार फिरतेय, आता एवढं मराठी मला कळतं. त्याच्या शोरूममध्ये नळ आणि बेसिनांच्या मधे बसून गोष्ट सांगितली — एक चष्मेवाला सकाळी दुकानाचं शटर ओढतो आणि चालायला लागतो. चालतच राहतो. परत येत नाही.

"पुढे?"

"पुढे काही नाही. तो चालतो."

"दोन तास?"

दादा म्हणतो, ज्याला कळायचं त्याला कळेल. ज्यांना कळतं त्यांच्या खिशात काही नसतं रे बाबा. ज्यांच्या खिशात असतं ते सगळे "पुढे?" विचारतात.

११ जानेवारी

पुन्हा हाफ डे. विम्याच्या ऑफिसात सगळ्यांना वाटतं मला काहीतरी मोठा आजार आहे. वाटू दे. बरं पडतं.

२ फेब्रुवारी

आज दातांचे डॉक्टर. सिनेमात पैसे घालायची हौस आहे म्हणे. दोन पेशंटच्या मधे वेळ दिला. बसायला दुसरी जागाच नव्हती म्हणून मी त्या आडव्या खुर्चीत! तोंडावर दिवा. छताकडे बघत गोष्ट सांगितली. "पुढे?" आलंच.

आणि काय झालं कोण जाणे, माझ्या तोंडून निघून गेलं — "दुसऱ्या दिवशी त्याची बायको दुकान उघडते. एक म्हातारे गृहस्थ चष्मा न्यायला आलेत, शटर बडवतायत, म्हणून."

डॉक्टर हातमोजे काढता काढता थांबले. "तिला येतं का त्यातलं काही?"

"काही नाही. भिंतीवरचा तो अक्षरांचा तक्ता इतकी वर्षं नुसता पुसलाय तिने. आज पहिल्यांदा वाचते."

पैसे नाही दिले. पण पुढचा पेशंट बाहेर ताटकळत राहिला आणि डॉक्टर विचारत राहिले — मग? मग? असं आजवर कधी झालं नव्हतं.

दादाच्या संहितेत ती बायको एकदाच दिसते. दार लावते. बस.

३ फेब्रुवारी

दादाला सांगितलं नाही.

१९ मार्च

पाय गेलेत नुसते. आज एक बिल्डर आणि त्याचा मेहुणा. दोघांनी मिळून तीनदा घड्याळ बघितलं.

पण गोष्ट वाढतेय. ती बायको चुकीचे नंबर देते, गिऱ्हाईकं भांडतात, ती शिकते. नवऱ्याला शोधत नाही. "का शोधत नाही?" मेहुण्याने विचारलं. म्हटलं, दुकान बंद ठेवून कशी शोधणार? तो हसला. हे सगळं मला बसमध्ये सुचतं. दमून डोकं खिडकीला टेकलेलं असतं आणि ती बाई आपली येऊन बसते शेजारी.

चष्मेवाला आता पहिल्या पाच मिनिटांतच निघून जातो. आणि कोणी त्याची चौकशीही करत नाही!

८ एप्रिल

व्हायचं ते झालं.

छोट्या सिनेमांना पैसे देणारा फंड. तिथल्या बाईंनी सांगितलं होतं, दिग्दर्शकांना घेऊन या. वहिनीने दादाचा शर्ट कडक इस्त्री करून दिला होता. बाई म्हणाल्या, "सांगा." दादाने नेहमीप्रमाणे माझ्याकडे बघितलं. लहानपणापासून हेच — विचार त्याने करायचा, बोलायचं मी.

मी त्याची गोष्ट सुरू केली. खरंच. शटर, रस्ता, चालणं. पण बाईंनी पेन खाली ठेवलं, पुढे वाकल्या, "घरी कोण आहे त्याच्या?" आणि मग मला थांबताच आलं नाही. शेवटपर्यंत सांगून टाकली. दादा समोरच्या पाण्याच्या ग्लासकडे बघत होता.

जिन्यात म्हणाला, "हा माझा सिनेमा नाही."

"मग तुझा तू सांग ना! तीन वर्षांत एकदा तरी तोंड उघडलंस?"

एवढी मोठ्याने ओरडले की वॉचमन वर आला. दादा निघाला. चालत. मी बसने आले.

१५ एप्रिल

बोलत नाही. फोन वहिनी उचलते. "अंघोळीला गेलेत." दिवसातून तीनदा अंघोळ!

शेवटी हळूच म्हणाली, "मला सांगितली त्यांनी तुझी गोष्ट. सगळी. भांडी घासायची थांबले मी. तेच लागलंय त्यांना."

२६ एप्रिल

फंडातून फोन. हो म्हणाल्या! पण — "तुम्ही सांगितलीत तीच गोष्ट. आणि दिग्दर्शन तुम्हीच करा. त्यांनी केलं तर तो चष्मेवाला पुन्हा चालायला लागेल." विनोदाने म्हणाल्या. मला हसू नाही आलं.

मी पॉलिसी विकणारी. कॅमेऱ्याची कुठली बाजू कुठे धरायची तेही माहीत नाही.

२७ एप्रिल

'नाही' म्हणून कळवलं त्यांना. दादाशिवाय नाही. जेवले, झोपले. किती हलकं वाटलं! आणि किती रडले.

३० एप्रिल

दादा ऑफिसात! माझ्या टेबलासमोर, सगळ्यांदेखत. फंडाच्या बाईंनी त्याला फोन केला होता, बहिणीला समजवा म्हणून.

"नाही म्हणालीस? कोणाला विचारून?"

"तुझ्यासाठीच म्हटलं—"

"उपकार नको करूस माझ्यावर! मी चांगला नाही हे मला तू सांगणार? तेही न बोलता?"

सगळं ऑफिस फाइलींत तोंड खुपसून ऐकत होतं. मग दादा पेशंटची— गिऱ्हाइकाची खुर्ची ओढून बसला. (दातांचे डॉक्टर अजून डोक्यातून जात नाहीत.)

"सांग," म्हणाला. "पहिल्यापासून. मला."

त्याला मी ही गोष्ट कधी सांगितलीच नव्हती. समोर बसून, त्याच्यासाठी म्हणून. सांगितली. एकदाच मधे बोलला — "इथे रडवू नकोस तिला."

"रडत नाहीच ती."

मान हलवली. संपल्यावर "चांगली आहे," म्हणाला. उठला. "मला नाही जमणार ही. तू कर." दारातून परत वळला, "पण सेटवर मला बोलवू नकोस. कळलं?"

कळलं.

१२ सप्टेंबर

शूटिंगचा पहिला दिवस. दादा आला नाही. सगळी माणसं दुकानाच्या सेटवर आपापल्या जागी उभी राहिली आणि एकदम गप्प झाली. कोणाची वाट बघतायत म्हणून मीही मागे वळून बघितलं. मागे कोणी नव्हतं.

"चला," म्हटलं.