मंडपाचा खांब वाऱ्याने पडला, त्याबाबत

मी, खाली सही करणारा, वय छप्पन्न, व्यवसाय बातमीदारी, पूर्ण शुद्धीत आहे. तीस वर्षे बातम्या लिहूनही माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्या नुसत्या शब्दावर विसंबू नये, हे मला इतरांपेक्षा जास्त ठाऊक आहे. हृदयाने दोनदा पूर्वसूचना दिली आहे. म्हणून कोणाच्या धाकाने वा भिडेने नव्हे, तर निव्वळ शिसारीने ही व्यवस्था लिहून ठेवतो.

१. राहते घर माझ्या स्वकष्टाचे आहे. वर ताई, खाली दादा, मधल्या मजल्यावर मी. दोघे चार वर्षे एकमेकांशी बोललेले नाहीत. संस्कृतात दोघांसाठी स्वतंत्र वचन असते. आमच्याकडे दोघांसाठी दोन स्वतंत्र वृत्तवाहिन्या आहेत. आईच्या आजारपणात त्यांनी पाळ्या अशा लावल्या, की जिन्यातही गाठ पडू नये. आई विचारायची, "दोघं एकदम का येत नाहीत रे?" मी म्हणायचो, "कामं असतात गं." तेच ऐकत ती गेली.

कारण नोंदवणे भाग आहे. मागच्या मतदानाच्या सकाळी ही भावंडे शाळेच्या आवारात एकाच रांगेत उभी होती. वारा सुटला, मंडपाचा खांब कलंडला, तिघांना खरचटले. मीही तिथेच होतो. चार ओळींची बातमी दिली. संपादक म्हणाले, "वाऱ्याला कोण मत देतं? कोणीतरी पाडला असेल की."

आमच्या मालकांची दोन संकेतस्थळे आहेत, एकेका पक्षाच्या वाचकांसाठी एकेक. मजकूर मात्र एकाच टेबलावर शिजतो. दोन्हीकडची बातमी मीच लिहिली, दोन टोपणनावांनी. इकडे त्यांनी पाडला, तिकडे यांनी.

संध्याकाळपर्यंत एक दादाच्या फोनवर पोचली, दुसरी ताईच्या.

"अरे, तू तिथंच होतास ना?" मी दादाला विचारले.

"होतो. पण माझी पाठ होती तिकडे. आणि हे बघ, छापून आलंय."

ताई म्हणाली, "त्याची पाठ नेहमी सोयीच्या बाजूलाच असते."

त्या क्षणी 'दोन्ही बातम्या माझ्या आहेत' एवढेच म्हणायचे होते. नोकरी गेली असती, बाकी काही नाही. मी चहा टाकायला उठलो.

२. बँकेतील सर्व शिल्लक त्या मंडपवाल्यास द्यावी. बातमीनंतर एका बाजूच्या जमावाने त्याचे कापड जाळले, दुसऱ्या बाजूच्या जमावाने उरलेले बांबू पळवले. दोन्ही पक्षांची एकजूट मी आयुष्यात एवढीच पाहिली. आता तो कोपऱ्यावर इस्त्री करतो आणि मला विचारतो, "साहेब, काय विशेष?" हे दान नव्हे, भरपाई आहे, तीही अपुरी.

३. निर्भीड पत्रकारितेचे सन्मानचिन्ह संपादकांना द्यावे. वजनदार आहे, कागद उडू नयेत म्हणून उपयोगी पडेल.

४. घर दादा व ताई यांना समाईक मिळावे. अट एकच. फोन दुसऱ्या खोलीत ठेवून दोघांनी एका टेबलाशी बसावे, त्या सकाळी स्वतःच्या डोळ्यांनी काय पाहिले ते एकाच कागदावर लिहावे आणि खाली दोघांनी सही करावी. न जमल्यास घरही मंडपवाल्याचे.

५. हे कलम मागाहून घातले. मसुदा वाचून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मेल्यावर कबुली देणार? फार सोयीचं आहे. शिव्या ऐकायला तुम्ही नसणार."

"मृत्युपत्र तसंच असतं हो."

"मग त्याला पळपत्र म्हणा."

सबब, हे मृत्युपत्र उद्या सकाळी नऊ वाजता मी स्वतः, जिवंतपणी, दादा आणि ताई यांना समोरासमोर बसवून वाचून दाखवीन. दुसराही येणार आहे, हे मी दोघांपैकी कोणालाही कळवलेले नाही. बातमी दडवण्याची ही शेवटची खेप. दोन्ही बातम्यांचे कच्चे खर्डे, माझ्याच अक्षरातले, टेबलावर काढून ठेवले आहेत. त्यानंतर त्यांनी मला घराबाहेर काढले, तर माझी हरकत नाही.

स्थळ : मधला मजला.
दिनांक : येत्या मतदानाआधीचा शनिवार.

साक्षीदार :
१. डॉक्टरीणबाई.
२. आमच्या कचेरीतले मुद्रितशोधक. (सही करताना म्हणाले, "दोन्ही मीच तपासल्या होत्या. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.")

सही : दोन्ही टोपणनावे, आणि त्यांखाली माझे खरे नाव.