देवलाने हात घातला नाही

धनज, २० ऑगस्ट १९३४

प्रिय शालिग्रामदादा,

देवला सुखरूप आहे, आणि आमचा सगळ्यांचा जीव आत्ता कुठे भांड्यात पडला. कोण देवला, म्हणशील. तू गेल्यावर बाबांनी ज्याला बाप्तिस्मा दिला तो गडी, भोळा आणि तितकाच हट्टी. बायबलात मार्काच्या शुभवर्तमानाच्या शेवटी आहे ना, विश्वास ठेवणारे साप हाती धरतील, त्यांना काही बाधणार नाही? ते बाबांच्या उपदेशात ऐकलं आणि स्वारीने ठरवलं, नागपंचमीला बाया वारूळ पुजायला आल्या की गावादेखत वारुळात हात घालायचा. बाबांनी परोपरीने समजावलं. त्याचं एकच, "मास्तर, शास्त्रात हाये ना? मंग भ्याचं कायले?" बाबांकडे उत्तर होतं, पण ते तुझं होतं.

दोन वर्षांमागे जेवताना तू सहज बोलून गेलास, की या शेवटच्या ओळी सगळ्यात जुन्या हस्तलिखितांत नाहीत, मागाहून कोणी जोडल्यात. पोरगा ग्रीक शिकून शास्त्र कुरतडतो म्हणत बाबांनी तुला भरल्या ताटावरून उठवलं, घराबाहेर काढलं. मला तुमचा दोघांचाही राग आला होता, खोटं कशाला सांगू. एक जमदग्नी, दुसरा त्याचाच लेक.

पंचमीआधीच्या रविवारी बाबा उपदेशाला उभे राहिले आणि एकदम म्हणाले, "जुन्यातल्या जुन्या प्रतीत सापाचं नाही. माह्या शालिग्रामनं सांगतलं होतं. मीच आयकलं नाही." मला वाटलं, आता लोक उठून जातील, बाबांची मिशनमधली नोकरीही जाईल. तेवढ्यात देवला उभा राहिला. "मंग मास्तर, येशू मेलेल्यातून उठला, थे तरी हाये का?" बाबा रडतच म्हणाले, "थे हाये बाप्पा. थे सगळ्या प्रतीत हाये." "मंग सापाचं काय काम?" म्हणून गडी खाली बसला. पंचमीला तो आमच्या ओट्यावर शेजारच्या रंगूबाईंनी दिलेले पुरणाचे दिंड खात होता. त्याला पाहून मी आत जाऊन मनसोक्त रडले.

तुला स्वतः लिहायची बाबांना लाज वाटते, म्हणून मला बसवलंय. पुढच्या महिन्यात ये. उपदेश तूच करायचास, असं ते म्हणतात. आणि त्यांचा निरोप त्यांच्याच शब्दांत लिहिते: "आनखी काय काय नाही, थे सारं एकदाच सांगून टाक म्हना. पन घरी येऊन सांग म्हना."

वाट पाहणारी, तुझीच भांडकुदळ
विजयमाला