चावी कोणाची?

३ नोव्हेंबर १९५७
आज वाचनालयात रोझारियोने सर्वांसमक्ष सांगितलं, चावी हा शब्द पोर्तुगीज. मूळ लॅटिन. गोव्यातून कोकणीत, मग मराठीत, पार बंगालपर्यंत गेला. तो रिटायर्ड इंग्रजी मास्तर. मी मराठीचा, आणि मला मराठी शिकवतो! ठणकावलं, कुलपाच्या तोंडात शिरून चावते ती चावी. अस्सल आमची. इथूनच लिस्बनला गेली. शब्द परका ठरला तर वाचनालयाची चावी तुझ्या हातात देईन, असंही बोललो. अकरा वर्षं ती माझ्या कनवटीला आहे, रोज सकाळी सातला वाचनालय मीच उघडतो. देण्याचा प्रश्नच नाही.

४ नोव्हेंबर
गोवा सुटायचा तेव्हा सुटेल, चावी मी आत्ताच सोडवतो. संकल्प : रोज दहा पानं. दोनशे पानी ग्रंथ नाताळापूर्वी तयार.

९ नोव्हेंबर
पान पहिलं. पेन बिघडलंय. जानकी म्हणते, पेन बरां आसा, तुमका लिवक काय नाय. बायकोला संशोधन कळत नाही.

२१ नोव्हेंबर
पुण्याच्या एका प्राध्यापकांना पत्र लिहून विचारलं होतं, त्यांचं उत्तर आलं. पोर्तुगीजच, म्हणतात. तेही साध्या कार्डावर! खरा विद्वान पाकीट वापरतो.

२ डिसेंबर
माणसांना काय विचारायचं? सरळ देवाला कौल लावला. गुरव गंगारामने मूर्तीला पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, चावी हो शब्द आमचोच काय, तां आज सांग." जमलेले सगळे, "होय म्हाराजा!" दीड तास एक पाकळी हलली नाही. शेवटी गंगारामने विचारलं, देवा, रागावलंस काय? उजवी ताबडतोब पडली. हवा दमट होती.

रोझारियो बाहेर पायरीशी उभा होता. हसला नाही. वाटेत हळूच म्हणाला, मास्तरांनू, कौल हो शब्द पण अरबी.

३ डिसेंबर
चावी देऊन आलो. हरलो म्हणून नव्हे, दिल्या शब्दाला जागणारा माणूस आहे मी. सकाळपासून हात सारखा कनवटीला जातोय. फार वाईट वाटतंय.

४ डिसेंबर, सकाळी साडेसहा
रोझारियो दारात. म्हणाला, शब्द आमचो ऱ्हवांदे, चावी तुमची. माज्यान येवडां सकाळी उठवत नाय. मी बजावलं, उपकार नकोत! आणि पाठ फिरवून ताठ उभा राहिलो. जानकीने त्याच्याकडून चावी घेतली आणि माझ्या कनवटीला खोचली.

मी मुळीच हललो नाही.