डावीकडचा मागचा दरवाजा

१४ मार्च, रविवार दुपार

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्याचा नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत, तुमचंही बरं असेल असं धरून चालतो. एरवी माझा मायना 'दादा-वहिनींस' असतो, आज एकट्या तुलाच लिहितोय. वाचून झाल्यावर वहिनीला दाखवायचं की नाही, ते तू ठरव.

निवृत्त झालास तरी कारखान्याची खबर तुला आधी लागते, म्हणून ती सांगतो. गाड्या जोडायची दुसरी लाइन बंद पडून सहा महिने झाले. तिथे आता रिकाम्या ट्रॉल्या ठेवतात. आपल्या गाड्यांना गिऱ्हाईक नाही आणि परदेशी गाड्यांसाठी लोक नंबर लावून बसतात. कामगारांपैकी कुणी परदेशी गाडी आणली तर ती लांबच्या कोपऱ्यात लावायची, हा तुमच्या वेळचा नियम आठवतो? तो कोपरा आता ओसंडून वाहतो आणि फाटकाजवळ माझी एकट्याचीच गाडी ऐटीत उभी असते. पहारेकरी म्हणतो, "आता तुम्हीच पाहुणे!" मेल्याची स्वतःची गाडीही कोपऱ्यातच असते.

साहेब म्हणतात, कामगार महाग पडतात. कामगार म्हणतात, साहेबांनी वीस वर्षं जुनंच मॉडेल नवा रंग लावून विकलं. सरकार म्हणतं, आधी खर्च कमी करा, मग मदत मागा. कुणीच खोटं बोलत नाही, हीच तर पंचाईत आहे.

मी लाइनवर नवा होतो तेव्हाचं तुला आठवत असेलच. एका गाडीचा डावीकडचा मागचा दरवाजा नीट बसत नव्हता. 'पुढचा बघेल' म्हणून मी तो तसाच सोडला. सगळेच म्हणायचे तसं. लाइनच्या शेवटी तपासणीला तू होतास. तू हँडलला दोषाची लाल चिठ्ठी बांधलीस, मला सगळ्यांदेखत बोलावलंस आणि पेन हातात दिलंस. "नाव टाक. गाडीला वाचा नाही, तुला आहे." आठवडाभर मी तुझ्याशी बोललो नव्हतो. वहिनीने जेवायला बोलावून आपलं भांडण मिटवलं.

आता मूळ मुद्द्यावर येतो. बराच वेळ टाळतोय, तुझ्या लक्षात आलंच असेल.

मंगळवारी आम्हा सात जणांच्या कामगार समितीपुढे कंपनीने तीन वाटा ठेवल्या. सगळ्यांचा पगार कापायचा, किंवा नव्या चारशे जणांना घरी बसवायचं, किंवा निवृत्तांचा दवाखान्याचा खर्च देणं बंद करायचं. पगारावर कुणी चकार शब्द काढला नाही, मीही नाही. उरलेल्या दोन्हींवर तीन-तीन हात झाले. शेवटचा हात माझा होता. तो मी निवृत्तांचा खर्च बंद करण्याच्या बाजूने वर केला.

खोलीत निवृत्तांपैकी कुणीच नव्हतं. चारशे घरांचा विचार केला, असं मी बाहेर सगळ्यांना सांगितलं. लोकांनी पाठ थोपटली. त्या चारशेंत आमचे जावई आहेत, हे मात्र कुणी बोललं नाही आणि मीही बोललो नाही. खरं सांगतो दादा, हात वर करताना तुझा चेहरासुद्धा डोळ्यांपुढे आला नाही. 'पुढचा बघेल', एवढंच मनात आलं.

घरी आलो तर हिने सहज सांगितलं की वहिनीच्या खुब्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली, नऊ एप्रिल. नवा नियम एक एप्रिलपासून लागू होणार. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात फोन करून अलीकडची तारीख मागितली. बाई म्हणाल्या, "आधीची एकही जागा नाही, काका." वहिनी भिंतीला धरून स्वयंपाकघरात जाते हे मी गेल्या महिन्यात माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. मला माझीच लाज वाटते.

गाडी एकदा फाटकाबाहेर गेली की लाल चिठ्ठीचा उपयोग नाही, हेही तूच शिकवलंस. करारावर सह्या २२ तारखेच्या सोमवारी आहेत. सातही सह्या लागतात, एक कमी असली तरी तो कागद रद्द. म्हणजे गाडी अजून आत आहे. मी सही करणार नाही. पगार कापा, सगळ्यांचा, आधी माझा, असं उभं राहून सांगणार आहे. मंगळवारी पाठ थोपटणारेच सोमवारी अंगावर येतील. त्यांनी ऐकलं नाही तर कंपनी काय करेल, जावयांची नोकरी राहील की जाईल, मला माहीत नाही. पोरीला अजून सांगितलेलं नाही. आज संध्याकाळी जाऊन तोंडावर सांगेन.

तू माफ करावंस म्हणून हे लिहिलेलं नाही. बाहेरून तुझ्या कानावर येण्याआधी माझ्याकडून कळावं, एवढंच. वहिनीला तारीख बदलू नको म्हणावं.

सोबत तपासणी खात्यातली एक लाल चिठ्ठी जोडली आहे. दोष काय, ते लिहिलंय. खाली नाव टाकलंय, यावेळी कुणी पेन हातात न देता.

तुझा,
धाकटा