दाराला टेकवलेला झाडू

आक्काला धाकट्या सायमीचा, कंबर वाकेल तितका नमस्कार. (फार वाकत नाही, मानून घे.) तुझा गुडघा कसा आहे? माझा तुझ्यापेक्षा वाईट आहे, तेव्हा उत्तरात फार रंगवू नकोस. भावजींचा खोकला गेला, की पाहुणे आले की अजून मुद्दाम काढतात? तीन यत्ता शिकलेलीचं अक्षर आहे, लागेल तसं लावून घे.

इकडे बर्फ असा पडलाय की कुंपण गेलं, टपालपेटी गेली, शेजारच्या तौनोची जुनी गाडी गेली (ती गेली ते बरंच झालं). मी तयारीत कसूर केली नव्हती. वाटेच्या दोन्ही कडांना आधीच काठ्या रोवल्या, म्हणजे बर्फ ढकलणारा ट्रॅक्टर माझ्या बेरीच्या झुडपांवरून जायला नको. (गेल्या साली गेला. ड्रायव्हर म्हणाला, झुडपं दिसली नाहीत. मी मात्र त्याला चांगली ऐकू आले.) लाकडं, मेणबत्त्या, सेलवरचा रेडिओ, राय धान्याची कडक भाकरी, पाण्याचे डबे, सगळं भरलं. एवढं कशाला, तर आमचा औलिस. हा मुलगा फोनवर माझीच आई होतो. म्हणतो, "या हिवाळ्यात एकदा जरी बर्फात अडकलीस, तर घर विकायचं आणि तू ओउलूला माझ्या फ्लॅटवर यायचं. तिथे लिफ्ट आहे." लिफ्टमध्ये बसून मी काय करू, लाकडं फोडू? मला माझ्या घरातून न्यायचंच तर आडवी न्या.

शिवाय त्याने तौनोला माझ्यावर पहाऱ्याला बसवलं. तौनो सकाळ-संध्याकाळ आपली घसरगाडी पायाने ढकलत येतो, दारात उभा राहतो आणि विचारतो, "आहात का, सायमीबाई?" मी म्हणते, आहे. तो म्हणतो, बरं. आणि जातो. एवढ्यासाठी मी हातातलं टाकून उठायचं! म्हणून शनिवारी सौना तापवला तेव्हा ठरवलं, आज शांतपणे वाफ घ्यायची. घराच्या दाराला झाडू आडवा टेकवला. तुला काय सांगायचं, दाराला झाडू म्हणजे घरात कोणी नाही, आणि मग कुलूप नसलं तरी पाहुणाच काय, चोरसुद्धा त्या दाराला हात लावत नाही. आणि गेले अंगणाच्या टोकाला, सौनाच्या खोपटात.

सौनात वरच्या फळीवर बसले, तापल्या दगडांवर पाणी टाकलं, पहिली वाफ अंगावर आली, तोच डोक्यावर धडाड्! पत्रा तापला होता आणि छपरावरचा सगळा बर्फ घसरून दारापुढे येऊन बसला. दार उघडतं बाहेरच्या बाजूला. (अक्कल आमच्या ह्यांची. आता जिथे असतील तिथे तरी दारं आत उघडणारी असोत.) ढकलून पाहिलं, खांदा लावला, बैठक लावली, जी आपल्या घराण्यात चांगली भरभक्कम आहे. दार ढिम्म. मग मला माझी तयारी आठवली. मेणबत्त्या घरात. भाकरी घरात. फोन घरात, उशीखाली. फावडं घराच्या दाराशी, झाडूला सोबत. माझ्यापाशी काय, तर टॉवेल, अंगावर मारून घ्यायची बर्चच्या डहाळ्यांची जुडी, बादली, लाकडी पळी आणि शेगडीवर भाजत ठेवलेलं सॉसेज. गारठून मरायची भीती नव्हती, शिजून मरायची होती.

सॉसेज खाल्लं. (संकटात आधी खावं.) तेवढ्यात खिडकीतून तौनो दिसला. घरापाशी गेला, झाडू बघितला, टोपी सारखी केली आणि वळला. "अरे तौनो! मेल्या! ठोंब्या!" कान मुळात नावापुरते, त्यावर कातडी टोपी. गेला.

पण घरी जाऊन त्याने विचार केला (याला जरा वेळ लागतो). झाडू आहे म्हणजे बाई नाही. बाई नाही आणि सौनाच्या धुराड्यातून धूर येतोय, म्हणजे आग! तोवर मी ती टीचभर खिडकी उघडून, डोकं आणि एक हात बाहेर काढून पळीने बर्फ उपसत होते आणि माझ्या चहूबाजूंनी वाफ भसाभसा बाहेर पडत होती. तौनो धावत आला आणि गार पाण्याची अख्खी बादली माझ्या तोंडावर!

"अहो, तुम्ही तर घरी नाही!"

"मग हे थोबाड कोणाचं आहे?"

"पण झाडू लावलाय की."

"झाडूचं नंतर बघू. फावडं आण."

"ते तुमच्या दाराशी आहे. दाराला झाडू आहे."

त्याच्या धर्मात बसेना. शेवटी हा प्राणी स्वतःच्या घरून स्वतःचं फावडं घेऊन आला आणि मला खणून काढलं. मग सभ्यपणे पाठ करून उभा राहिला. मी टॉवेल गुंडाळून गुडघाभर बर्फातून घरापर्यंत गेले, झाडू स्वतःच्या हाताने काढला, आत शिरले. लगेच बाहेरून हाक: "आहात का, सायमीबाई?" मी किंचाळले, आहे! तो म्हणाला, बरं. आणि गेला.

तेव्हा आक्का, माझ्याकडून शिकून घे. फावडं सौनाच्या आत ठेवायचं. फोन पिशवीत घालून बरोबर न्यायचा. छपरावरचा बर्फ आधीच लांब दांड्याने ओढून काढायचा, आणि तो ओढताना खाली उभं राहायचं नाही. बाकी मला कोणाची गरज नाही, हे दिसतंच आहे.

तुझी, अजून न शिजलेली,
सायमी

ता. क. शनिवारी मी फोन उचलला नाही म्हणून औलिसला संशय आलाय. तो तुला विचारेल. शनिवारी मी तुझ्याकडे होते, एवढं सांग. हवं तर सांग, भावजींच्या खोकल्याने माझं डोकं उठलं, म्हणजे पटेल. तौनोला खोटं बोलता येत नाही, पण बोलावं लागणारच नाही. विचारलं तर तो खरं तेच सांगेल: दाराला झाडू होता.

आणखी ता. क. पाकीट चिकटवत होते तेवढ्यात घराच्या छपरावरून धडाड् झालं. पुढचं दार उघडत नाही. फावडं सौनात आहे, वर लिहिल्याप्रमाणे. पत्र स्वयंपाकघराच्या खिडकीतून तौनोच्या हाती देते आहे. औलिसला नुसता शनिवार सांगू नकोस. अख्खा आठवडा सांग.