गोळाभात आणि नो थँक यू

रायपूर,
शिमग्याच्या तोंडावर

प्रिय राधिका,

पत्र पाहून घाबरू नको, इथे सगळे ठणठणीत आहेत. फोनवर तू 'आई, तब्येत बरी ना' म्हणते, मी 'हो' म्हणते, अन् मग तू बाबाले मागते. दिवाळीपासून हेच चालू आहे. म्हणून म्हटलं लिहावं. कागद काही मधातच उठून बाबाकडे जात नाही.

बातमी ऐक, अन् हसू नको. मी इंग्लिश शिकून राहिली. अवं, खरंच! रायपूर राजधानी झाल्यापासून आपल्या पुरानी बस्तीत खांबाखांबावर क्लासच्या पाट्या लटकल्या आहेत. तसल्याच एका क्लासात दुपारी जाते. शिकवणारी सोनिया मॅडम तुझ्याहून लहान पोट्टी आहे, पण तोंड असं चालवते की विचारू नको. व्याकरण-बिकरण नाही, फक्त रोजचं बोलणं. या, बसा, पाणी घ्या, प्रवास कसा झाला. मले तर तेवढंच पाहिजे होतं. परवा गोल बाजारात भांडेवाल्या भैय्यालालले ऐटीत 'हाउ मच' विचारलं, तर तो मेला इंग्लिशमध्येच भाव सांगायला लागला! माझ्या डोक्यात एक अक्षर शिरलं नाही. शेवटी छत्तीसगढीत घासाघीस केली, तेव्हा कुठं 'हव दाई', हो माय, म्हणत पैसे कमी केले त्यानं.

पण खरी फजिती क्लासातच झाली. मॅडमनं नाटक करायला लावलं. मी घरची बाई, अन् सिलतऱ्याच्या कारखान्यात काम करणारे हरिदास भैया पाहुणे. मी म्हणायचं, 'वुड यू लाइक सम मोअर', म्हणजे आणखी वाढू का. ते म्हणाले, 'नो, थँक यू.' झालं, तिथंच संपवायचं होतं. पण मले संपवता येते का? त्यांची वही म्हणजे ताट. मी रिकाम्या हातानं गोळाभात वाढला, भातावर बेसनाचा गोळा कुस्करला, वरून फोडणीचं तेल सोडलं. त्यांनी वहीवर हात आडवा धरला, तर तो सारून आणखी एक गोळा! अख्खा क्लास पोट धरून हसला. मॅडम म्हणे, आंटी, अंग्रेज़ी में एक बार ना बोल दिया तो बस, फिर नहीं पूछते. मले असा राग आला! अवं, पाहुणा पहिल्यांदा नाहीच म्हणते ना? 'हो हो, वाढा' असं कोण म्हणते आपल्यात? दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा विचारलं की मग कळते पोटात जागा आहे का नाही ते.

घरी येताना रस्ताभर तूच डोळ्यासमोर. दिवाळीत लाडू वळता वळता तू म्हणाली, ऑफिसात केरळचा मुलगा आहे, त्याच्याशीच लग्न करायचं आहे. मी नाही म्हटलं. धर्म वेगळा, खाणंपिणं वेगळं, त्याची आई रिटायर्ड नर्स, तिले हिंदी येत नाही, मले मल्याळम येत नाही, लग्नात दोघी विहिणी काय खुणा करत बसतीन? मी नाही म्हटलं, अन् तू हात पुसले, 'ठीक आहे' म्हणाली अन् बॅग भरून बंगलोरले निघून गेली. भांडली नाही, रडली नाही. लहानपणी एका फ्रॉकसाठी दुकानाच्या दारात लोळण घेणारी तू! मी रागात बोलली पोरी, अन् दारात उभी राहून वाट पाहिली की ही वळून परत विचारते. तू वळलीच नाही. काहून नाही वळली? आता बाबा सांगतात, तू त्यालेही कळवून टाकलं की आई तयार नाही, वाट पाहू नको. त्याच्या घरी दुसरी स्थळं पाहून राहिले म्हणे. ऐकलं तेव्हापासून घास गोड लागत नाही मले.

क्लास कशापायी लावला, आता तरी कळलं ना? रोज संध्याकाळी तुझे बाबा डोक्यावर टॉवेल घेऊन विहीणबाई होतात. मी प्रवास विचारते, पाणी देते, अन् ते 'नो, थँक यू' म्हणत राहिले तरी वाढत राहते. मधात मधात अडखळते, पण बिजूची आई आपल्या घरून अर्धपोटी उठणार नाही, इतकं इंग्लिश आलं आहे मले. बघ, नाव घेतलं मी त्याचं. पण आपल्या तोंडानं आधी 'हो' म्हणणार नाही, आईचा एवढा तोरा तर चालवून घे. आधी त्याले थांबायला सांग. मग रविवारी फोन कर, बाबाले मागू नको, अन् मले परत एकदा विचार.

तुझीच, वाट पाहून राहिलेली,
आई