सोन्याची दाढ आणि दोन सीआरपी

मी, ताईबाई भानुदास मिसाळ, वय पासष्टच्या आसपास (आधार कार्डावर एकोणसत्तर हाय, ती लिवणाऱ्याची चूक), शिक्षण जीवन शिक्षण मंदिरात चौथी, धंदा आधी मजुरी आणि आता मंगळवार-शुक्रवार बारामतीला जाऊन रक्त धुवून घेणं, राहणार निमगाव केतकी, तालुका इंदापूर, जिल्हा पुणे, पुरती शुद्धीवर हाय. मला कुणी धाक घातला न्हाय, कुणी गोड बोलून भुलवलं न्हाय, सकाळधरनं कुणी चहा बी दिला न्हाय. अशा अवस्थेत हे मृत्युपत्र माझ्या हातानं लिहून ठेवते ऐसाजे. ऐसाजे म्हंजी काय ते मला ठाव न्हाय. वकील म्हणले, त्यानं कागदाला वजन येतं. माझं वजन उतरतंय, कागदाचं तरी वाढू द्या.

कलम पहिलं. हे आत्ताच का लिवलं.

माझ्या किडन्या बीपीनं खाल्ल्या. त्याचं मला काय वाटत न्हाय, मशीनवर पडून गप्पा झोडायला चार माणसं मिळत्यात. पण दिवाळीनंतर डॉक्टर रिपोर्ट घेऊन आले आणि म्हणले, "आजी, तुमची सीआरपी फार वाढलीय."

आता आमच्या घरात सीआरपी एकच. माझी सून अंजली. ती गावातल्या बचत गटांचं काम बघती, बायका जमवती, त्यांना बँकेत नेती. त्या कामाच्या बाईला सीआरपी म्हणत्यात, आणि सगळं गाव तिला त्याच नावानं हाक मारतं. ती माझ्या उशाशीच उभी व्हती.

मी म्हणलं, "व्हय डॉक्टर, मला बी दिसतंय. रात्रीचा भात सोड म्हणून सांगते, ऐकत न्हाय."

डॉक्टर म्हणले, "भाताचा संबंध नाही. ती कमी झालीच पाहिजे. तिच्यामुळं तुमच्या जिवाला धोका आहे."

मी अंजलीकडं बघितलं, अंजलीनं माझ्याकडं. मी म्हणलं, "जीव घेण्याइतकी वाईट न्हाय वो ती. तोंडानं फटकळ हाय, पण भाकरी गरम देती."

मशीन सांभाळणारा संघपाल हसून हसून खाली बसला. मग त्यानंच समजावलं, "आजी, ही सीआरपी रक्तात असती. अंगात कुठं आग लागली की तिचा धूर वाढतो. रिपोर्टात धूर दिसतोय. आग कुठं हाय ते हुडकायचंय."

तेव्हापासनं हुडकणं चाललं. छातीचा फोटो झाला, सुया टोचायचा हात बघितला, पायाची बोटं बघितली. आग घावंना. मग एक दिवस पडद्यापलीकडं डॉक्टर माझ्या लेकाला, समाधानला, हळूच म्हणले, "सीआरपी वाढलेली, अल्ब्युमिन उतरलेलं. असे पेशंट फार काळ काढत नाहीत." पडदा कापडाचा असतो हे डॉक्टरांच्या ध्यानात राहत न्हाय.

त्या दिवसापासनं समाधान माझ्याशी गोड बोलाया लागला. एमआयडीसीतनं सुटला की गाडी उभी करून आधी माझ्यापाशी येतो, "आई, काय पायजे का?" म्हणतो. आधी यायचा ते वसकतच. त्याच्या या गोडीनं मला जास्त धडकी भरली. म्हणून हा कागद.

कलम दुसरं. घर.

पत्र्याच्या तीन खोल्या आणि पुढचा ओटा अंजली आणि समाधान दोघांचा. कागदावर अंजलीचं नाव वर लावावं, समाधानचं खाली. त्याला वर बसवला की तो पंखा लावून झोपतो. पोस्टातले पैसे नात छकुलीच्या शाळंला.

कलम तिसरं. कोंबड्या.

अल्ब्युमिन म्हंजी अंड्यातलं पांढरं. डॉक्टरांनी सांगितलं, पांढरं खा, पिवळं टाका. जलमभर पिवळ्यासाठी भांडले आणि आता हे! मी काही दिवस पांढरं मांजराला घातलं आणि पिवळं आपण खाल्लं. मांजराचं अल्ब्युमिन झकास हाय. हे अंजलीला आजच कळतंय, तिनं कागदावर चिडू नये. कोंबड्या तिच्या.

कोंबडा मात्र शेजारीण फुलाबाईला. तो पहाटं आरडतो म्हणून ती मला रोज शिव्या देती, आणि माझी शिडी नेऊन आपल्या माडीला लावून बसली ती परत देत न्हाय. शिडी राहू दे तिच्याकडं. कोंबडा शिडीवर चढून आरडंल.

कलम चौथं. माझा डावा हात.

ह्या हातात नस जोडलीय, तिथं कान लावला की विहिरीवरच्या मोटारीसारखं घुमतं. छकुली रोज कान लावती आणि म्हणती, "आजी, लाइट हाय!" हे कुणाला देता येत न्हाय. जवर हाय तवर तिनं ऐकावं.

कलम पाचवं. मी गेल्यावर.

पुण्यानुमोदनाला भाषणं दोनच. माझ्या भावाच्या हातात माईक देऊ नये, दिला तर लोकं जेवल्याबिगर जातील. फोटोपुढं फुलं नकोत. गार पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्या ठेवावा. जितेपणी किडनीच्या पथ्यापायी मला पाणी घोटा-घोटानं दिलंय.

कलम सहावं. सोन्याची दाढ.

आमच्या मालकांनी लग्नानंतर मला बोरमाळ केली. सासूनं ती मोडली. कानातली फुलं केली, ती बी मोडली. सासू वाईट नव्हती, पण सोनं दिसलं की तिचा हात सळसळायचा. मग मालक मला दातांच्या डॉक्टरकडं घेऊन गेले, खालच्या किडक्या दाढंवर सोन्याची टोपी बसवली आणि म्हणले, "आता ठेव तोंडात. आईचा हात तितवर पोचत न्हाय."

ते सोनं लोकांना दाखवायचं तर मोठ्यांदा हसावं लागायचं. म्हणून मी हसाया लागले. तीच सवय लागली, त्यात माझा गुण काय न्हाय. मशीनवर बी तीन महिने मी डॉक्टरांपुढं आ करून हसत व्हते. सगळ्यांनी सोनं बघितलं. दाढ कुणी बघितली न्हाय.

गेल्या शुक्रवारी संघपाल म्हणला, "आजी, तुमी घास एकाच बाजूनं का चावताय?" डॉक्टरांनी बॅटरी लावून बघितलं. टोपीखाली पू. आग तिथंच व्हती. डॉक्टर म्हणले, "दाढ काढू, सीआरपी उतरेल, तुम्हाला दिवस मिळतील."

मी न्हाय म्हणलं. मालकांनी दिलेलं तेवढं एकच सोनं माझ्याजवळ टिकलंय. म्हणून हे कलम असं, की ती दाढ कुणी उपटू नये, माझ्याबरोबर माझ्या तोंडातच

हितं लिवणं थांबलं. अंजली भाकरीचा हात तसाच घेऊन पाठीमागं उभी राहून वाचत व्हती.

"आत्या, कुणापासनं लपवताय?"

मी म्हणलं, "कुणापासनं म्हंजी? सासूपासनं."

"तुमच्या सासूबाई जाऊन छकुलीच्या वयाच्या दुप्पट वर्षं झाली. आता तुमीच सासू हाय."

मी दाढंवरनं जीभ फिरवली. ती म्हणली, "मामांनी सोनं तुमच्यासाठी ठेवलं व्हतं. आता ते तुमालाच खातंय. आणि मांजराचं मी मागनं बघते."

मग आत गेली. आत ती भाकरी थापत व्हती, पण नेहमीपेक्षा जोरात. भाकरीच्या पिठानं तिचा काय गुन्हा केला नव्हता. रडायचं असलं की ती असंच करती, मला ठाव हाय.

कलम सहावं रद्द. आडवी रेघ मारली हाय, रेघंवर माझी सही हाय.

कलम सहावं, नवं. शुक्रवारी मशीन हुईल, रक्त पातळ करायचं औषध उतरलं की शनिवारी दाढ काढायची. टोपीचं सोनं अंजलीला. तिनं त्याची मुरणी करून नाकात घालावी. डबीत ठेवू नये, उशाखाली ठेवू नये, उजेडात घालून गटाच्या मीटिंगला जावं. या घरातली सासू आता कुणाचं सोनं मोडत न्हाय, असं मी लिहून देते.

वकील म्हणतात, मृत्युपत्र माणूस मेल्यावर लागू हुतं. बाकीची कलमं तशीच राहू द्या, त्यांना घाई न्हाय. हे कलम शनिवारी दुपारपासनं लागू. नाकातली मुरणी मला बघायचीय. दोन सीआरपींपैकी रक्तातली उतरावी, चुलीपुढची हाय तशी राहावी. भात खाल्ला तरी चालंल.

साक्षीदारांबद्दल: ज्याला काही मिळतं त्यानं साक्ष घालू नये, असं वकिलांनी सांगितलं. तर फुलाबाई म्हणली, "मला तुझा कोंबडा नको, सहीच करते." म्हणून कोंबडा हितंच राहील आणि आरडंल, आणि शिडी बी तिनं परत द्यावी. संघपालला मी मुद्दाम काही ठेवलेलं न्हाय. सुई हळू टोचतो, त्याचं भलं हुईलच.

ठिकाण: निमगाव केतकी, आमचा ओटा
दिनांक: १२ फेब्रुवारी २०२५, बुधवार

लिहून ठेवणार: ताईबाई भानुदास मिसाळ (सही, अंगठा नव्हं)

साक्षीदार १: संघपाल. कामावरनं येताना ओट्यावर थांबलो, आजींनी माझ्यासमोर सही केली. शनिवारी सुट्टी काढून दवाखान्यात मी बरोबर जाणार हाय, नाहीतर त्या अर्ध्या वाटेतनं परत येतील.

साक्षीदार २: फुलाबाई. ताईबाई शुद्धीवर हाय. सही करताना तिनं मला चिमटा काढला आणि शिडी मागितली.